नागपुरात जुळणारं फाल्कन २०००: आपल्या होटगी रोडला झेपेल का?

लेथवाला | २२ जून २०२५, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी.

९ जूनला गोव्याचं विमान सुटलं तेव्हा मी कारखान्याला अर्धा दिवस सुट्टी देऊन आपल्या सोलापूरच्या होटगी रोड विमानतळाला जाऊन उभा राहिलो होतो. एटीआरचे, म्हणजे त्या पंख्यांच्या प्रवासी विमानाचे, पंखे फिरायला लागले आणि शेजारी उभ्या असलेल्या एका आजोबांनी हात जोडले. आमचं लहानपण मजरेवाडीत गेलं, त्यामुळे विमान आम्हाला नवं नाही. पण तेव्हा यायची ती निवडणुकीला, नाहीतर आषाढीच्या आदल्या दिवशी. पांढरी, लहान, शेपटीजवळ दोन इंजिनं लावलेली. ती कोणती, कुठे बनतात, हे सांगणारं घरात कुणी नव्हतं.

मग १८ तारखेची बातमी वाचली. फ्रान्सची दासो कंपनी आणि रिलायन्स यांनी पॅरिसच्या विमान प्रदर्शनात जाहीर केलं की फाल्कन २००० एलएक्सएस हे बिझनेस जेट नागपूरच्या मिहानमध्ये पूर्ण जुळवलं जाणार. फ्रान्सबाहेर फाल्कनची अशी जुळणी पहिल्यांदाच होतेय. इथलं पहिलं विमान २०२८ पर्यंत उडवायचं ठरलंय. त्या कारखान्याची कोनशिला २०१७ सालची, आणि या विमानाचा नाकाकडचा भाग तिथे २०१९ पासून तयार होतोय. हे सगळं आपल्याच राज्यात चाललं होतं आणि मला पत्ता नव्हता.

चार रात्री जेवण झालं की याच विमानाचं वाचतोय. माझा चिंचोळी एमआयडीसीत जॉबवर्कचा लहान कारखाना आहे, दोन सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारी यंत्रं) आणि तीन जुने लेथ. विमानातलं शिक्षण नाही, पण धातूचं काम तीस वर्षं केलंय, त्यामुळे एखादी वस्तू मन लावून केलेली आहे का एवढं कळतं. आणि या विमानातलं मला सगळ्यात भावलं ते त्याचा वेग नाही. ते किती हळू उडू शकतं, ते.

आकडे देतो. लांबी २०.२ मीटर, पंखांचा पसारा २१.४ मीटर. भरून निघतं तेव्हा जास्तीत जास्त वजन १९,४१४ किलो. प्रॅट अँड व्हिटनी कॅनडाची दोन पीडब्ल्यू ३०८ सी इंजिनं, प्रत्येकी ७,००० पौंड जोराची. पल्ला ४,००० सागरी मैल, म्हणजे ७,४०० किलोमीटर. ४७,००० फुटांपर्यंत चढतं आणि ध्वनीच्या वेगाच्या ८६ टक्क्यांपर्यंत जातं. आता पुढचा आकडा बघा. एवढं सगळं करणाऱ्या विमानाला उतरायला कंपनीच्या हिशेबाने २,२६० फूट पुरतात. ७०० मीटरसुद्धा नाहीत!

माझा प्रश्न साधा आहे. नागपुरात बनलेलं हे विमान आपल्या धावपट्टीवर, मे महिन्याच्या उन्हात, चालेल का? जाणकारांनी सविस्तर सांगावं. घाई नाही.


अकरावी_विज्ञान | २२ जून, रात्री १०.१५

काका, एक शंका. हळू उडण्यात विशेष काय आहे? एटीआर पण हळूच उडतं ना. जेट घ्यायचं तर जोरात जाण्यासाठीच घेतात.

माझी मोठी बहीण पुण्यात कॅटियाचा क्लास करतेय. ती म्हणाली ते सॉफ्टवेअर याच कंपनीचं आहे. खरं का?


निवृत्त_एएमई | २३ जून, सकाळी ६.५०

बाळा, तुझी शंका अगदी मुद्द्याची आहे, आणि लेथवाल्यांनी योग्य ठिकाणी बोट ठेवलंय. मी छत्तीस वर्षं मुंबईत विमानांच्या पोटाखाली काढली, बहुतेक रात्रपाळ्या. निवृत्तीनंतर जुळे सोलापूरला स्थायिक झालो. जुन्या फाल्कन २००० वर माझा हात फिरलेला आहे, म्हणून थोडं लांबलं तरी लिहितो.

एटीआरचा पंख सरळ असतो. सरळ पंख हळू उडायला चांगला, पण ध्वनीच्या वेगाजवळ गेला की हवा त्याला आडवी येते. म्हणून जेटचे पंख मागे झुकवतात. झुकवलेला पंख वेगात सुखी, पण उतरताना वेग कमी केला की त्याची उचलण्याची ताकद घटते. एकच पंख दोन्ही कामांना हवा असतो आणि दोन्ही कामं एकमेकांच्या विरुद्ध. विमान बनवणाऱ्याचं सगळं कसब या भांडणातून वाट काढण्यात आहे.

वाट अशी. पंखाच्या पुढच्या कडेला वेगळी केलेली एक वाकडी पट्टी असते, तिला स्लॅट म्हणतात. उतरायच्या वेळी ती रुळावरून पुढे सरकते आणि खाली झुकते. पट्टी आणि पंख यांच्यात बोटं जातील एवढी फट पडते. खालची जास्त दाबाची हवा त्या फटीतून जोराने वर येते आणि पंखाच्या पाठीला चिकटून वाहते. तशी चिकटून वाहते तोवर पंख उचलतो. पाठ सोडली की विमान पडायला लागतं. मागच्या कडेचे फ्लॅप सगळ्यांना खिडकीतून दिसतात, स्लॅटकडे फारसं कुणी बघत नाही. मी मात्र त्या रुळांना ग्रीस भरण्यात कितीतरी पहाटा घालवल्या आहेत. रुळावर खडा बसला तर स्लॅट अडकतो, आणि एका बाजूचा अडकला तर दोन्ही पंखांची ताकद असमान होते. म्हणून आधी फडक्याने पुसायचं, मग टॉर्च धरून बघायचं, मग ग्रीस. फडकं पांढरंच वापरायचं, म्हणजे काय निघालं ते दिसतं.

कॅटियाचं खरं आहे. ते दासोच्या घरातच जन्मलं, आधी स्वतःच्या विमानांच्या आकृत्यांसाठी. १९८१ मध्ये त्याची वेगळी कंपनी झाली.

मेच्या उन्हाचं उत्तर संध्याकाळी देतो. त्याला कागद-पेन्सिल लागेल.


दोन_माग | २३ जून, दुपारी १.०५

काय वो दादा, आम्हाला आकड्यांत सांगून काय कळणार? मी माझ्या मापाने मोजलं. आतल्या केबिनची रुंदी २.३४ मीटर वाचली. आपली साठ-नव्वदची चादर नव्वद इंचाच्या बाजूने आडवी धरली तर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जाते, वर जेमतेम दोन इंच जागा उरते. मी खरंच मागाच्या खोलीत चादर जमिनीवर पसरून बघितली. एवढ्या रुंदीत मध्ये वाट सोडून दोन्ही बाजूला मोठ्या खुर्च्या. लांबी आठ मीटरला थोडी कमी, म्हणजे अशा साडेतीन चादरी. उंची १.८८ मीटर, आमचे हे सरळ उभे राहतील.

फ्रान्सचं नाव निघालं म्हणून सांगते. आमच्या घरी चार पिढ्या माग आहेत, घरात तेलुगू आणि बाजारात मराठी. चादरीवर नक्षी उठवणारं जकार्ड आलं फ्रान्समधूनच, लिऑन गावातून. भोकं पाडलेली कार्डं एकामागोमाग फिरतात आणि कोणता धागा वर उचलायचा ते सांगतात. एका कार्डाचं एक भोक चुकलं तर ती चूक चादरभर परत परत येते. माझे सासरे कार्डावरून बोट फिरवून चूक ओळखायचे. तेव्हा तिकडची वस्तू इथे आली आणि आपल्या लोकांनी तिला असं आपलंसं केलं की आता सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे. नागपूरच्या पोरांना हे विमान जड जाईल असं मला वाटत नाही.


डफरीन_चौक | २३ जून, दुपारी ३.३०

सगळ्यांचा मान राखून एक बोलतो. एकोणीस टन वजन, आणि आत बसणार आठ-दहा माणसं. एटीआर २३ टनांचं आहे आणि सत्तरच्या वर लोक नेतं. माझ्या गल्लीत नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं. या धावपट्टीसाठी सिद्धेश्वर कारखान्याची चिमणी जून २०२३ मध्ये पडली, तेव्हा ऊसवाल्या सभासदांच्या डोळ्यांत पाणी बघितलंय मी. आमचे मामा त्यातलेच. विमान यावं ही माझीही इच्छा आहे, पण ते माझ्या मुलीला पुण्या-मुंबईच्या नोकरीला नेणारं असावं. श्रीमंतांच्या जेटचं कौतुक आपण का करायचं, हे मला कुणीतरी मनापासून समजावून सांगा.


लेथवाला | २३ जून, रात्री ९.२०

डफरीन चौकवाले, तुमचं बोलणं मला लागलं आणि ते बरोबरही आहे. पाण्याचं मी नाकारत नाही, आमच्याकडेही तेच. मामांच्या दुःखाबद्दलही मी काही बोलणार नाही.

पण मी त्यात बसायला मिळावं म्हणून कौतुक करत नाही. दोन कारणं सांगतो. पहिलं, हे फक्त शेठजींचं विमान राहिलेलं नाही. जपानच्या तटरक्षक दलाने समुद्रावर नजर ठेवायला हेच घेतलंय. फ्रान्सच्या नौदलासाठी ‘अल्बाट्रॉस’ नावाने याचीच गस्तीची आवृत्ती बनतेय. समुद्रात बुडणारा माणूस शोधायचा तर लांब पटकन पोचता आलं पाहिजे आणि तिथे गेल्यावर खाली येऊन सावकाश घिरट्या घालता आल्या पाहिजेत. परत तोच मुद्दा, हळू उडण्याचा.

दुसरं कारण माझ्या पोटापाण्याचं आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

२०१९ च्या सुमारास पुण्यातल्या एका कंपनीकडून माझ्याकडे चाळीस ब्रॅकेटचं काम आलं. विमानाचं नव्हतं, पण त्याच शिस्तीचं. ॲल्युमिनियमचा बार त्यांनीच दिलेला. आम्ही चाळीसच्या चाळीस नग ड्रॉइंगप्रमाणे केले, मायक्रोमीटरने प्रत्येक भोक मोजलं, एकही नग मापाबाहेर नव्हता. माल गेला आणि सगळा लॉट परत आला. कारण काय? बारच्या एका टोकावर हीट नंबर पंच केलेला होता, म्हणजे तो धातू कोणत्या भट्टीतून, कोणत्या ओतकामातून आला त्याचा नंबर. माझ्या ऑपरेटरने करवतीला बार लावताना तेच टोक आधी कापलं. उरलेल्या तुकड्यांवर नंबर नाही, आणि कार्डवर तो लिहून घ्यायला मी सांगितलं नव्हतं. चाळीस नग मापात होते, पण ते कोणत्या धातूचे आहेत हे कागदावर सिद्ध करता येत नव्हतं. सगळे भंगारात गेले. पैसे गेले त्यापेक्षा जास्त मला ते चाळीस चकचकीत नग गोणीत भरताना वाईट वाटलं.

चूक माझी होती. त्या दिवसापासून आमच्याकडे नियम आहे: करवत चालू करायच्या आधी नंबर कार्डवर, आणि नंबरचं टोक सगळ्यात शेवटी कापायचं. ही सवय लागल्यावर मला इतर कामंही चांगली मिळायला लागली. आता मिहानमध्ये फाल्कनचे पंख आणि पूर्ण सांगाडा तयार करायचं म्हणतात. त्याला लागणारे हजारो लहान तुकडे कुणीतरी करणारच. चिंचोळीतल्या आणि अक्कलकोट रोडच्या पोरांना ही शिस्त लागली तर त्यातलं काही काम आपल्या एमआयडीसीत येऊ शकतं. तुमच्या मुलीला नोकरीसाठी पुण्याला जावंच लागू नये, हे मला जास्त हवंय.


निवृत्त_एएमई | २३ जून, रात्री १०.०५

सकाळचं वचन पुरं करतो. नातवाची वही घेऊन बसलोय. अकरावीवाल्या बाळा, तूही सोबत गणित कर.

विमानाला समुद्रसपाटीपासूनची उंची कळत नाही, हवा किती दाट आहे तेवढंच कळतं. हवा तापली की विरळ होते, म्हणजे तापलेल्या दिवशी विमानाला आपण डोंगरावर आहोत असं वाटतं. किती उंच डोंगरावर, ते काढू.

आपला विमानतळ साधारण ४८० मीटर उंचीवर, म्हणजे १,५८० फूट. विमानशास्त्राच्या प्रमाण वातावरणात या उंचीवर १२ अंश तापमान धरलेलं असतं. मे महिन्यात दुपारी तीनला आपल्याकडे ४४. फरक ३२ अंशांचा. दर अंशाला ढोबळमानाने १२० फूट वाढवायचे. ३२ गुणिले १२० म्हणजे ३,८४०. त्यात आपले १,५८० मिळव. ५,४२० फूट.

कळसूबाईचं शिखर ५,४०० फूट आहे. मेच्या दुपारी आपल्या होटगी रोडच्या डांबरावर उभं असलेलं विमान हवेच्या हिशेबाने कळसूबाईच्या माथ्यावर उभं असतं.

त्याने तीन गोष्टी होतात. इंजिनाला कमी हवा मिळते, जोर घटतो. पंखाला कमी हवा मिळते, म्हणून तेवढंच वजन उचलायला जास्त वेगाने धावावं लागतं. आणि हे दोन्ही एकत्र आलं की धावपट्टी जास्त लागते.

फाल्कन २००० एलएक्सएसला पूर्ण भरून निघताना १,४२५ मीटर लागतात. पण हा आकडा समुद्रसपाटीचा आणि १५ अंशांचा. लेथवाले, तुमच्या २,२६० फुटांनाही हीच अट आहे. आणि १,४२५ मध्ये नुसतं धावणं धरलेलं नाही. धावता धावता एक इंजिन बंद पडलं तर त्याच लांबीत एकतर थांबता आलं पाहिजे, नाहीतर उरलेल्या एका इंजिनावर उडता आलं पाहिजे. आपली धावपट्टी दोन किलोमीटरच्या आसपास आहे. कळसूबाईच्या हवेत लांबी किती वाढते ते त्या दिवशीचं वजन, वारा, उतार बघून विमानाच्या पुस्तकातल्या तक्त्यांवरून काढतात. आधी लिहून ठेवता येत नाही.

पण मुख्य गोष्ट वेगळीच आहे. सोलापुराहून दिल्ली सरळ रेषेत साधारण १,२०० किलोमीटर. त्यासाठी ७,४०० किलोमीटरचं इंधन कोण भरेल? टाकीचा तिसरा हिस्सा भरला तरी राखीव धरून पुरतं. पूर्ण टाकीत साडेसात टन इंधन बसतं, म्हणजे विमान तिथेच पाच टनांनी हलकं झालं. हलकं विमान लवकर उठतं. दिल्ली, मुंबई, बेंगळुरू यांसाठी मेच्या दुपारीही ते आपल्याकडून निघेल असं माझं मत आहे. सोलापूर ते युरोप थेट मात्र मनात आणू नये. तिकडे जायचं तर पहाटे गारव्यात मुंबईला जाऊन तिथे टाकी भरावी. मुंबई ते लंडन ७,२०० किलोमीटर आहे, आणि त्यातही समोरून वारा असेल तर वाटेत उतरावं लागेल.


नागपूरकर | २४ जून, सकाळी ११.१०

सोलापूरकरांनो, आमच्या मिहानवर इतकं प्रेमाने कुणी लिहिलेलं बघून बरं वाटलं. दोन छोट्या भर.

वर्तमानपत्रं ‘दसॉल्ट’ लिहितात, पण फ्रेंच उच्चार दासो. संस्थापकाचं मूळ आडनाव ब्लॉक होतं. दुसऱ्या महायुद्धात नाझींनी त्यांना बुखेनवाल्डच्या छळछावणीत टाकलं. भाऊ फ्रेंच प्रतिकार चळवळीत होता, त्याच्या टोपणनावात रणगाड्यासाठीचा फ्रेंच शब्द होता, त्यावरून युद्धानंतर घराण्याने दासो हे आडनाव घेतलं. आणि आपलं या कंपनीशी नातं राफेलपासूनचं नाही. १९५० च्या दशकात हवाई दलाने त्यांचीच तूफानी आणि मिस्टियर घेतली, पुढे मिराज २०००.

दुसरं. याला मध्यम आकाराचं म्हणावं का, यावर वाद आहे. वजन आणि पल्ला पाहिला तर मधलं, पण केबिन इतकी रुंद आणि उंच की बरेचजण मोठ्या गटात टाकतात. हॉकर ८०० हे पक्कं मध्यम जेट, त्याची केबिन १.७५ मीटर उंच. इथे १.८८. मला विचाराल तर मध्यम विमान, मोठी खोली.


अकरावी_विज्ञान | २४ जून, दुपारी ४.४५

आजोबा, मी गणित परत केलं. पहाटे २६ अंश धरले तर १४ गुणिले १२० म्हणजे १,६८०, अधिक १,५८०, म्हणजे ३,२६० फूट. दुपारपेक्षा दोन हजार फुटांहून खाली. म्हणजे त्याच धावपट्टीवरून पहाटे जास्त वजन नेता येईल. बरोबर?

आणि नागपूरकर दादा म्हणतात तसं मध्यम विमानात मोठी खोली आली कशी?


निवृत्त_एएमई | २४ जून, संध्याकाळी ७.३०

गणित शंभर टक्के बरोबर. आखातात उन्हाळ्यात बरीच उड्डाणं रात्री उशिरा ठेवतात, त्यामागे हाही हिशेब असतो.

खोलीची गोष्ट ऐक, मला ती फार आवडते.

दासोने बिझनेस जेट सुरू केली ती १९६३ साली. त्या वर्षी ४ मे रोजी पहिलं फाल्कन २० उडालं. पॅन ॲम कंपनीच्या वतीने चार्ल्स लिंडबर्ग ते बघायला आले होते, अटलांटिक एकट्याने ओलांडणारे तेच. त्यांनी अमेरिकेला कळवलं की आपल्याला हवं ते विमान सापडलं. दहा वर्षांनी फेडेक्सने कुरिअरचा धंदा सुरू केला तोही चौदा फाल्कनवर. १९७६ मध्ये फाल्कन ५० आणि १९८४ मध्ये फाल्कन ९०० आलं, दोन्ही तीन इंजिनांची. महासागरावर एक बंद पडलं तरी दोन उरतात, म्हणून तीन.

१९८९ च्या पॅरिस प्रदर्शनात त्यांनी नवा विचार मांडला. फाल्कन ९०० ची रुंद नळी तशीच ठेवायची, लांबी कमी करायची आणि तिसरं इंजिन काढून टाकायचं. ज्यांना अमेरिकेच्या एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यावर जायचंय त्यांना तीन इंजिनांचा खर्च कशाला? म्हणून तुझी मोठी खोली: ती मोठ्या भावाची आहे. पंखही ९०० चाच घेतला. ४ मार्च १९९३ ला पहिलं फाल्कन २००० उडालं. इंजिनं तेव्हा जनरल इलेक्ट्रिक आणि गॅरेट यांनी मिळून केलेली सीएफई ७३८ होती.

आता लक्ष दे. पंख घेतला, पण त्यातले आतल्या बाजूचे, म्हणजे धडाजवळचे स्लॅट काढून टाकले. बाहेरचे ठेवले. विमान तेव्हा १६,२०० किलोचं होतं, हलकं, त्याचं तेवढ्यावर भागत होतं. तेवढे रूळ कमी, तेवढं ग्रीस कमी. मी ज्यांवर काम केलं ती हीच.

मग गिऱ्हाईक जास्त पल्ला मागू लागलं. २००१ मध्ये पीडब्ल्यू ३०८ सी इंजिनांचं २००० ईएक्स उडालं. नंतर कॉकपिट बदललं, चार मोठे पडदे आले, वैमानिकाची नजर सारखी इकडून तिकडे धावायची ती थांबली. २००९ मध्ये एलएक्स आलं, पंखांच्या टोकांना वर वळलेले विंगलेट घेऊन. दर वेळी थोडं इंधन वाढलं, थोडं वजन वाढलं. १६,२०० चे १९,४०० झाले. आणि जड विमान हळू उतरवायचं तर? २०१३ च्या सुमारास २००० एस आणि मग एलएक्सएस आलं, त्यांत दासोने धडाजवळचे स्लॅट परत बसवले. वीस वर्षांपूर्वी काढलेली गोष्ट परत लावली.

लेथवाल्यांचे ७०० मीटर यातून आलेत. माझ्यासारख्या माणसाला हा निर्णय वाचून आत कुठेतरी समाधान झालं. वजन वाढलं म्हणून उतरायचा वेग वाढू द्यायचा आणि लांब धावपट्टीच्या गावांनाच विमान विकायचं, हेही त्यांना करता आलं असतं.


दोन_माग | २४ जून, रात्री ८.५५

अण्णा, हे तर आमच्या धंद्यातलंच. सासऱ्यांनी वजन वाचवायला चादरीच्या काठाचा जादा धागा कमी केला होता. मोठ्या मापाची चादर करायला घेतली तेव्हा काठ ओढला जाऊ लागला, मग तो धागा परत घातला. काढताना हिशेब बरोबर होता आणि घालतानाही बरोबर होता.


डफरीन_चौक | २५ जून, सकाळी ९.००

लेथवाले, तुमचा हीट नंबरचा अनुभव मी काल मुलीला वाचून दाखवला. ती मेकॅनिकल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिने विचारलंय की सुट्टीत तुमच्या कारखान्यात येऊन हे कार्ड कसं भरतात ते बघता येईल का. पाण्याबद्दलचं माझं म्हणणं कायम आहे. पण पोरीचं विचारणं तुमच्यापर्यंत पोचवतो.


लेथवाला | २५ जून, सकाळी ९.१२

आजपासून केव्हाही येऊ दे. पहिल्या दिवशी फक्त करवतीजवळ उभं राहायचं आणि बघायचं. करवत चालू करायच्या आधी नंबर तिने वाचायचा आणि तिनेच कार्डवर लिहायचा. बूट घालून यायला सांगा, चपला चालणार नाहीत.


अकरावी_विज्ञान | ५ जुलै, संध्याकाळी ६.२०

आजोबा! उद्या आषाढी, म्हणून आज दुपारपासून मजरेवाडीच्या बाजूला मित्राच्या गच्चीवर बसलो होतो. पाऊस नव्हता, ढग होते. एक मोठं हेलिकॉप्टर गेलं आणि पावणेपाचला एक पांढरं जेट आलं. मागे दोन इंजिनं, पंखांची टोकं वर वळलेली, धड बऱ्यापैकी जाड. मित्राच्या वडिलांची दुर्बीण होती.

खूप सावकाश आलं. मला वाटलं होतं जेट म्हणजे सुसाट येईल. गच्चीसमोरून गेलं तेव्हा मी फक्त पंखाची पुढची कडा बघितली. बाहेरच्या बाजूला पट्टी खाली झुकलेली स्पष्ट दिसली, फटीतून मागचा उजेडसुद्धा. पण धडाजवळचा भाग तसाच गुळगुळीत होता, तिथे पट्टी सुटलेली नव्हती. मित्राला पण दाखवलं, त्यालाही तसंच दिसलं.

ते फाल्कन होतं का?


निवृत्त_एएमई | ५ जुलै, रात्री ८.००

विंगलेट, जाड धड, आणि आतला स्लॅट नाही. तू सांगतोस तसंच असेल तर फाल्कन २००० च, एलएक्सएसच्या आधीचं. बहुतेक एलएक्स. म्हणजे मी ग्रीस भरायचो त्या घराण्यातलं.

उद्या परत निघेल तेव्हा गच्चीवर जा. किती वाजता निघालं आणि तेव्हा तापमान किती होतं, दोन्ही वहीत लिहून ठेव.